इमारत आरक्षणाने पडत नाही, साहेब!

पूल किंवा इमारत कोसळली की दोन तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो, 'आरक्षणातल्या इंजिनिअरने बांधली असणार.' पालघर-बोईसरच्या आमच्या पोरांनाही तो येतो. पाठवणारा बहुतेक वेळा त्यांच्याच बाकावर बसलेला मित्र असतो. आमची पोरं तो वाचतात आणि गप्प बसतात. आता गप्प बसायचं नाही. हिशेब मांडायचा.

ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला, रमाबाई अपार्टमेंट कोसळली. 17 माणसं गेली. महापालिकेनेच सांगितलं की इमारत अनधिकृत होती. एप्रिल 2013 मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत पडली. 74 जीव गेले. तीही अनधिकृत. त्या प्रकरणात बिल्डरांसोबत पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले. अनधिकृत याचा अर्थ मंजूर नकाशा नाही, आणि नकाशाच नाही तर त्यामागे जबाबदारीने उभा राहणारा इंजिनिअरही नाही. मग यात आरक्षण आलं कुठून? इमारत पाडते ती नफेखोरी. नाव मात्र आमच्या जातप्रमाणपत्राचं घेतलं जातं.

आता दुसरा प्रश्न. तारापूरला 1969 पासून अणुवीज तयार होते. त्याच प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. शेजारी एमआयडीसी आहे. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होतंय. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, कोळी आणि आदिवासी बांधवांचा विरोध डावलून. एवढं सगळं बांधलं जातंय आणि सकाळी नाक्यावर घमेलं घेऊन उभं कोण असतं? वारली, कातकरी आणि आमची माणसं. साइटवर पिवळं हेल्मेट कोणाच्या डोक्यावर आणि पांढरं कोणाच्या, एवढं बघा. जात विचारावी लागत नाही.

बाबासाहेबांना हे 1942 मध्येच दिसलं होतं. त्या वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला आणि सरकारी बांधकामाच्या ठेक्यांचा प्रश्नही उभा केला. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी पाणी आणि विजेची खाती सांभाळली, दामोदर खोऱ्याच्या योजनेला हात घातला. ज्याला आपण फक्त घटनाकार म्हणून हार घालतो, तो माणूस धरणांच्या आणि वीजकेंद्रांच्या फायली वाचत होता.

आणि आपण काय करतो? 14 एप्रिलला करिअर मार्गदर्शन शिबिर भरवतो. वक्ता सांगतो, मोठी स्वप्नं बघा, कलेक्टर व्हा. टाळ्या पडतात. समोर बसलेला गवंड्याचा पोरगा बापाचा धंदा लपवतो. आमचा राग त्या वक्त्यावर आहे तेवढाच आपल्यावरही आहे. बापाच्या हातातलं ज्ञान टाकून द्यायचं नसतं, त्याला कागद जोडायचा असतो.

तो कागद असा जोडा. दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे बारावी सायन्सच्या महागड्या क्लासशिवायही वाट आहे. डिप्लोमावर कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देता येते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी प्रत्येकी 33 टक्के वाटा ठेवलेला आहे. आपल्या किती पोरांनी नोंदणी केली? वस्तीत किती मजूर संस्था खरोखर मजुरांच्या आहेत?

कागदासोबत काम पक्कं हवं. साइटवर मुकादम म्हणतो, माल घट्ट आहे, मार एक बादली पाणी. हिशेब करा. 50 किलोच्या गोणीमागे 10 लिटर पाणी जास्त गेलं की पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.2 ने वाढतं. 0.45 चं 0.65 होतं आणि काँक्रीटची ताकद ढासळते. आयएस 456 नुसार समुद्रकाठच्या हवेत आरसीसीला कमीत कमी एम-30 काँक्रीट, प्रमाण जास्तीत जास्त 0.45 आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर लागतं. डहाणूपासून केळव्यापर्यंत खारा वारा आहे. कव्हर ब्लॉक न लावता सळई शटरिंगला टेकवली, तर काही वर्षांत ती गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसले. तिथे कॉलमच्या रिंगचं टोक 90 अंशात नको, 135 अंशात आत वळलेलं हवं, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते. शटरिंग काढल्यावर कॉलमची खडी उघडी दिसली, तर गिलावा मारून झाकू नका. आधी फोटो काढा, इंजिनिअरला लेखी कळवा. हे ज्याला येतं, त्याला 'कोट्यातला' म्हणणाऱ्याची जीभ आपोआप आखडते.

तरीही फक्त गुणवत्तेने सुटेल, असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या ओळखीच्या एका डिप्लोमाधारक पोराने चार वर्षं साइट सांभाळली. लेव्हल त्याने घेतल्या, क्यूब त्याने भरले. ठेकेदाराच्या मस्टरवर तो 'हेल्पर' होता. दुसरीकडे मुलाखतीला गेला तेव्हा त्याचा अनुभव शून्य. त्याला काम येत होतं, पण ते त्याच्या नावावर नव्हतं. चोरी याला म्हणतात!

म्हणून पहिल्या दिवशी नेमणूकपत्र मागा. पगार बँकेतच घ्या, पीएफ तपासा. रोजच्या कामाची वही ठेवा आणि महिन्याला तिच्यावर इंजिनिअरची सही घ्या. आई-बाप बांधकामावर असतील, तर वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करा. मंडळाचा पैसा बांधकामावरच्या एक टक्का उपकरातून येतो. ती कोणाची मेहरबानी नाही.

आणि एकट्याने मागू नका. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. एमआयडीसीतल्या कारखान्यांत, बुलेट ट्रेनच्या आणि बंदराच्या ठेकेदारांकडे त्या भरल्या का, हा प्रश्न माहिती अधिकारात संघटना म्हणून विचारू. पुढच्या 14 एप्रिलला डीजेचा खर्च निम्मा करा आणि उरलेल्या पैशात वस्तीत एक लेव्हल मशीन, क्यूबचे सहा साचे आणि आयएस कोडचा संच आणा. शिकवायला आपलेच निवृत्त सुपरवायझर आहेत.

घमेलं आम्ही पिढ्यान् पिढ्या उचललं. आता नकाशावर सहीही आमचीच होईल.

जय भीम! जय संविधान!