कूलंट रंग पाहून भरू नका!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्यात समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किमीची मुभा. इंजिनच्या कूलंटची खरी परीक्षा इथेच. पातळी उतरलेली दिसली की ‘हिरवंच आहे ना, टाका वरून’ हा सल्ला मात्र सर्रास मिळतो.

रंगावर जाऊ नका. तो कंपनीगणिक बदलतो. बहुतेक कूलंटचा पाया इथिलीन ग्लायकॉलच. फरक असतो गंजरोधक रसायनांत. जुन्या प्रकारात सिलिकेट, नव्यात सेंद्रिय आम्लांचे क्षार. न जुळणारे प्रकार एकत्र आले तर कधी चिकट गाळ धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात आणि इंजिन तापते. अनेकदा गाळ दिसतही नाही; गंज रोखण्याची ताकद तेवढी गुपचूप घटते. माझ्या मते हे अधिक वाईट. रेडिएटर किंवा वॉटर पंप पुढे कधीतरी जातो आणि बोल गाडीला लागतो.

म्हणूनच गॅरेजने बिलावर नुसते ‘कूलंट’ न लिहिता त्याचे नाव आणि प्रकार लिहायलाच हवा. नाहीतर पुढच्या मेकॅनिकला कळणार कसे? तुम्हीही गाडीच्या मॅन्युअलमधला प्रकारच मागा. वाटेत मिळाला नाही, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून थोडे डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. भलतेच कूलंट मिसळले गेले असेल, तर सगळे काढून, फ्लश करून नवे भरून घ्या. पातळी पुन्हा उतरली तर आधी गळती शोधायला सांगा.