आयएनआर नॉर्मल म्हणजे धोका नाही?

साप चावलेल्या माणसाचे रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले असे धरून प्रतिविष सुरू करायचे. विदर्भातल्या आरोग्य केंद्रांतही जमणारी ही तपासणी उपयोगी पडते, कारण तिचे उत्तर वेळेत मिळते. हीच तत्परता नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांबाबत हवी. वॉरफरिन ही जुनी गोळी घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) वाढलेला दिसतो, त्यामुळे ते सहसा लपत नाही. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना वरचेवर रक्त तपासावे लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. पण डोक्याला मार लागलेला रुग्ण बेशुद्ध येतो तेव्हा तीच सोय अंगाशी येते: ॲपिक्साबॅन रक्तात भरपूर असतानाही आयएनआर नॉर्मल येऊ शकतो, आणि त्या आकड्यावर विसंबून कवटी उघडली जाऊ शकते. डॅबिगॅट्रानसाठी थ्रॉम्बिन टाइम ही जुनी, साधी चाचणी पुरते. ती नॉर्मल आली तर रक्तात ते औषध जवळपास नाहीच. उरलेल्या दोन गोळ्यांसाठी अँटी-टेन-ए चाचणी लागते. लघवीत बुडवून काही मिनिटांत रंगावरून उत्तर देणारी पट्टीही जर्मनीत तयार झाली आहे. औषध किती आहे हे ती सांगत नाही. आहे की नाही, एवढे सांगते. (डॅबिगॅट्रान मोजण्याची एक चाचणी तर फुरशाच्याच विषातल्या घटकावर चालते.)

या गोळ्यांचा परिणाम उलटवणारे उतारे महाग आहेत, मग चाचणी करून काय साधणार, असे विचारले जाते. पण ‘औषध नाही’ हे उत्तरही तितकेच मोलाचे आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावे लागते, आणि गेल्या ४८ तासांत अशी गोळी घेतल्याची शंका असली तर डॉक्टरांचा हात थांबतो. नातेवाइकांना विचारा, हे खरेच. पण समृद्धी महामार्गावरून १०८ रुग्णवाहिकेने एकट्याला आणले, तर विचारायचे कुणाला? गडचिरोलीहून किंवा छिंदवाड्याहून चिठ्ठीवर पाठवलेल्या वृद्धाच्या पिशवीत गोळ्यांचे पाकीट असेलच असे नाही. अर्थात रक्तस्राव जिवावर बेतला असेल, तर अहवालाची वाट पाहत कुणी बसू नये. म्हणून मागणी मोजकीच आहे: नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांत थ्रॉम्बिन टाइम व अँटी-टेन-ए या चाचण्या रात्री तीन वाजताही व्हाव्यात, आणि गोळी लिहून देणाऱ्याने तिच्या नावाचे कार्ड रुग्णाच्या खिशात द्यावे.