गोळी मिळाली, तपासणीचं काय?

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बाईला आज औषध मिळतं. सरकारी एआरटी केंद्रांतून २००४ पासून ते मोफत आहे. नियमित गोळी घेणारी बाई मुलांचे निकाह पाहते, नातवंडं खेळवते. पण तिच्या दुसऱ्या धोक्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की अशा बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो.

हा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, पण व्हायला अनेक वर्षं घेतो. त्याआधी तपासणी झाली, तर तो रोखता येतो. पॅप स्मिअरला पेशी तपासणारा तज्ज्ञ लागतो. व्हीआयए तपासणीत शिकलेली नर्स सौम्य ॲसेटिक ॲसिड लावते आणि बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. स्वस्त आहे, पण ती वेळोवेळी करावी लागते. तिसरी तपासणी थेट एचपीव्हीची. तिची ताकद आपल्या मराठवाड्यानंच जगाला दाखवली. उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

इतर बायकांसाठी ही तपासणी तिशीपासून सांगितली आहे. एचआयव्ही असलेल्या बाईनं ती पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी करावी.

माझं म्हणणं साधं आहे. ही बाई गोळ्या न्यायला केंद्रावर येतेच. तपासणी त्याच दिवशी, त्याच छताखाली व्हावी. किनवटच्या बाईला नांदेडची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी. ‘पुन्हा या’ म्हटलं, की ती येत नाही.

पडद्याचं कारणही आता पुढे करू नये. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला घेता येतो. प्रश्न पडद्याचा कमी, बदनामीचा जास्त आहे. कितीतरी बायकांना हा आजार नवऱ्याकडून आला, तरी बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. म्हणून ती गप्प राहते आणि रक्त जाऊ लागल्यावर, उशिरा, दवाखाना गाठते.

शुगर-बीपीची शिबिरं आपण मोहल्ल्यात भरवतो. बायकांच्या इज्तेमात या तपासणीबद्दलही डॉक्टरबाईंना बोलू द्या. सगळ्याच बायकांना सांगा, म्हणजे कुणा एकीकडे नजर जाणार नाही. आजाराबरोबर इलाजही अल्लाहनंच दिला, असं आपण मानतो. मग त्या इलाजाची वाट लाजेनं अडवू नका.