बेंडच्या रेघेवर स्क्रायबर नको

पत्र्यावर आखणी कशाने करायची, हा प्रश्न बहुतेक वर्कशॉपमध्ये कुणी विचारतच नाही. खिशातला स्क्रायबर निघतो आणि रेघ ओढली जाते, मग तिथे पत्रा कापायचा असो की वाकवायचा. आमच्या मते हत्यार ठरवताना रेघ किती बारीक येते यापेक्षा तिचे पुढे काय होणार, हे आधी पाहावे. कटिंगची रेघ कात्रीखाली संपते. तिथे कार्बाइड टोकाचा स्क्रायबरच योग्य. त्याची रेघ तेलाने किंवा घामाने पुसली जात नाही. बेंडची रेघ मात्र जॉबबरोबर गिऱ्हाइकाकडे जाते. बेंडच्या बाहेरच्या अंगाला धातू ताणला जातो आणि तिथे ओरखडा असला की ताण त्या खाचेत एकवटतो. माइल्ड स्टीलमध्ये हे बहुधा खपून जाते, पण ६०६१-टी६ सारख्या कडक ॲल्युमिनियमला त्याच रेघेवरून तडा जाऊ शकतो. स्टेनलेसची अडचण वेगळी आहे. साध्या पोलादी टोकातून लोखंडाचे कण पत्र्यावर राहतात आणि ‘न गंजणाऱ्या’ मालावर तांबूस डाग उमटतात.

जी.आय. पत्र्याबाबत कुणी म्हणेल की जस्त स्वतः झिजून शेजारचे उघडे पोलाद वाचवते, मग एका ओरखड्याची काळजी कशाला? मुद्दा खरा आहे. पण २७५ ग्रेडच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. वाकवताना आधीच ताणल्या जाणाऱ्या जागी ते आपणच का खरवडायचे? बेंडच्या रेघेला स्क्रायबरऐवजी मार्कर वापरा म्हटले की येणारा ‘पेनाची रेघ जाड येते’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला तोड अशी, की बेंडची जागा कडेच्या वाया जाणाऱ्या भागात दोन बारीक खुणांनी पक्की करावी आणि मधली रेघ बारीक टोकाच्या मार्करने, जमेल तेव्हा बेंडच्या आतल्या बाजूला ओढावी. मार्करही अगदी निर्दोष नाही. त्याची शाई पावडर कोटिंगमधून वर येऊ शकते, म्हणून कोटिंगआधी ती थिनरने पुसावीच लागते. पेन्सिलचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते ॲल्युमिनियमवर राहिले आणि ओल लागली तर गंज धरतो. विमानाच्या पत्राकामात म्हणूनच ते टाळतात. दोन हत्यारांनी कारागीर गोंधळतील, ही भीती मात्र पोकळ वाटते. ड्रॉइंगमध्ये कटिंगची आणि बेंडची रेघ वेगळीच दाखवलेली असते. तोच भेद पत्र्यावर उतरवायचा आहे. बेंडिंग मशीनजवळच्या टेबलावरचा स्क्रायबर उचलून कटिंगच्या टेबलावर ठेवा आणि त्याच्या जागी चांगला मार्कर द्या.