आज्ञावलीचे कप्पे कसे पाडावेत?

विद्यार्थिमित्रांनो, सिल्लोड तालुक्यात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ई-पीक पाहणीचे काम होत असेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवर करू लागला. गट क्रमांक निवडायचा, मका की कपाशी की मिरची ते सांगायचे, क्षेत्र लिहायचे आणि शेतात उभे राहून छायाचित्र घ्यायचे. समजा, असे एखादे ॲप तुम्हीच लिहावयास घेतले. त्याच्या फाइली कोणत्या पॅकेजात ठेवाल?

रूढ पद्धत अशी, की सगळे पडदे एका पॅकेजात, माहितीचे साचे दुसऱ्यात, सर्व्हरशी बोलणारा भाग तिसऱ्यात. दिसायला हे फार नीटनेटके दिसते. माझ्या मते मात्र पॅकेजे कामावरून पाडावीत : 'पीकनोंद', 'छायाचित्र', 'खाते'. उद्या मिश्रपिकाची नोंद घ्यायची झाली, तर पहिल्या मांडणीत तीन ठिकाणी शोधाशोध करावी लागते. दुसरीत बहुतेक बदल एकाच जागी होतो. नोंदीला मुदत असते आणि सातबाऱ्यावरची पीकनोंद हमीभावाच्या खरेदीत पाहिली जाते. दुरुस्तीला लागलेला उशीर शेवटी शेतकऱ्याच्याच अंगावर येतो.

हा विचार नवा नाही. डेव्हिड पारनास यांनी १९७२ सालीच एका निबंधात मांडले होते, की आज्ञावलीचे भाग क्रियांच्या क्रमाने पाडू नयेत. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा.

जावा भाषेत तर पॅकेज हे कुंपणच आहे. क्लासपुढे 'पब्लिक' हा शब्द लिहिला नाही, तर तो क्लास पॅकेजाबाहेर दिसत नाही. थरांप्रमाणे मांडणी केली, की पडद्याला साचा दिसावा म्हणून जवळजवळ सगळेच 'पब्लिक' करावे लागते आणि कुंपण मोडते. कोटलिनमध्ये पॅकेजाला असे कुंपण नाही. तेथे स्वतंत्र मोड्यूल करून 'इंटर्नल' हा शब्द वापरावा लागतो.

तारखा लिहिण्यासारखी सर्वांना लागणारी कामे 'सामाईक' पॅकेजात जातील. पण त्यावर लक्ष ठेवा. घरातल्या माळ्यासारखे त्याचे होते. जागा न सापडलेली प्रत्येक वस्तू तेथेच जाऊन पडते!

पाच-सहा फाइलींच्या ॲपला अर्थातच हा खटाटोप नको.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रकल्प तपासताना त्यात एक लहानसा बदल दुसऱ्याच विद्यार्थ्याला करावयास सांगा, आणि त्याला किती पॅकेजे उघडावी लागतात ते मोजा.