पुडीआधी कॅल्शियम तपासा



ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्या महाविद्यालयाकडे एक मागणी आहे.

माझ्या बहिणीला सारकॉइडोसिस हा आजार आहे. एक्स-रेत तो अनेकदा क्षयासारखाच दिसतो, म्हणून आधी टीबीच्या गोळ्या झाल्या. निदान बदलल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले आणि खोकला थांबला. पुढे कंबर दुखू लागली. बदलापूर लोकलचे धक्के, असे सगळेच म्हणाले. निघाले मणक्याचे फ्रॅक्चर.

स्टेरॉइडने हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. म्हणून सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी लिहून दिली जाते. इतरांना ती बहुधा मानवते. सारकॉइडोसिसमध्ये मात्र आजाराच्या सूक्ष्म गाठीच ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करत सुटतात; शरीराचा एरवीचा लगाम त्यांना लागू नसतो. मग रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढते, मूतखडे होतात, मूत्रपिंडालाही इजा पोहोचते. नेहमीची तपासणी इथे फसवते. ती साठ्यातले ड मोजते आणि ते क्रियाशील रूपात खर्च झाल्याने कमीच भरते. तो आकडा पाहून आणखी पुडी दिली जाते!

स्टेरॉइड बंद करा किंवा ड कधीच देऊ नका, असे माझे म्हणणे नाही. खरी कमतरता असेल तर बेताने, कॅल्शियमवर नजर ठेवून द्यावेच लागते. पण आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्वाची दोन्ही रूपे, हाडांच्या घनतेसाठी डेक्सा आणि धोका असल्यास अ‍ॅलेंड्रोनेटसारखे औषध, हा क्रम पाळला जायला हवा.

दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. दमा, संधिवात, त्वचेचे विकार यांतही महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारे उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात घरोघरी सापडतील. डेक्सा त्यांच्याही उपयोगाचे आहे. शिवाय क्षयरुग्णाला सरकारी औषध फुकट आणि पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात. निदान बदलताच हा आधार संपतो आणि तपासण्यांचा खर्च घरच्यांवर येतो.

महाविद्यालयाने दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक ओपीडी सुरू करावी आणि या तपासण्या तिथेच अल्प दरात द्याव्यात. मोडलेला मणका घेऊन परळच्या रुग्णालयापर्यंत लोकलमधून उभ्याने जाण्याची पाळी कोणावर येऊ नये.

— एक वाचक, अंबरनाथ पूर्व