राघूवर माया करा, पण त्याचे उष्टे खाऊ नका



पोपट हा एक सुंदर पक्षी आहे. त्याचा रंग हिरवा असतो. चोच लाल व बाकदार असते. नर पोपटाच्या गळ्याला कंठी असते. आपण त्याला लाडाने राघू म्हणतो. आपल्या दासगावात राघू पुष्कळ. भात पिकलं की थवेच्या थवे लोंब्यांवर उतरतात. पेरूच्या झाडावर तर ते आपल्याआधी हजर असतात. संध्याकाळी सावित्री नदीवरून ओरडत ओरडत झोपायला जातात. काही घरांत राघू पिंजऱ्यातही असतो. तो "मिठू मिठू" करतो. पाहुणे आले की "या, बसा" म्हणतो. त्यामुळे तो सगळ्यांना आवडतो. मलाही आवडतो.

पण काही माणसे राघूला तोंडाने खाऊ घालतात. शेंगदाणा ओठांत धरतात आणि राघू तो चोचीने ओढून घेतो. भाकरी चावून मऊ करतात आणि जिभेवरून देतात. बघणारे हसतात. मोबाईलवर फोटो काढतात. लहान मुले ते बघतात आणि तसेच करायला जातात. माझे मत असे आहे की हे बंद झाले पाहिजे. का ते सांगते.

आपल्या घरी उष्ट्याचे केवढे नियम असतात! नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चाखत नाही. भावाला ताप आला असला तर आई त्याच्या पेल्यातले पाणी आपल्याला पिऊ देत नाही. मग राघूच्या चोचीतले कसे चालते? राघू काही दात घासत नाही. तो त्याच चोचीने पिसे साफ करतो. पिंजऱ्याच्या तळाला त्याची घाण पडलेली असते, तिथला दाणाही तो त्याच चोचीने उचलतो. तीच चोच मग आपल्या ओठांना लागते.

बाईंनी आम्हाला एका रोगाची माहिती सांगितली. त्याचे नाव सिटॅकोसिस. म्हणजे पोपटाचा ताप. याचे जंतू पक्ष्याच्या विष्ठेत आणि नाकातोंडाच्या पाण्यात असतात. विष्ठा वाळली की तिची धूळ होते. ती श्वासाबरोबर आपल्या छातीत जाते. बहुतेकांना हा रोग असाच होतो. पण चोचीला तोंड लावले तरी होऊ शकतो. बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके दुखते, अंग दुखते, कोरडा खोकला येतो. जास्त झाले तर फुप्फुसाला सूज येते. राघू चांगला ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या अंगात हे जंतू असू शकतात. म्हणून "आमचा राघू निरोगी आहे" असे नुसते बघून सांगता येत नाही.

ही खोटी भीती नाही. १९२९ साल संपताना अमेरिकेत एका घरी नाताळच्या भेटीसाठी पोपट आणला. तो पोपट मेला आणि घरची माणसे आजारी पडली. मग दुसऱ्या गावांतही असे रोगी सापडू लागले. जानेवारी १९३० मध्ये तिथल्या अध्यक्षांनी बाहेरच्या देशांतून पोपट आणायला बंदी घातली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत या रोगाचा शोध चालला होता. तिथली अकरा माणसे आजारी पडली आणि एक जण दगावला. त्यांतली काही माणसे तर पोपटांच्या खोलीत कधी गेलीच नव्हती! अगदी अलीकडे २०२३ साली आणि २०२४ च्या सुरुवातीला युरोपातल्या काही देशांत हा रोग नेहमीपेक्षा वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये ते जाहीर केले. तेव्हा पाच माणसे दगावली होती.

मी कोणाला घाबरवत नाही. हा रोग रोज उठून कोणाला होत नाही. आणि आता त्याच्यावर चांगली औषधे आहेत. वेळेवर औषध घेतले की माणूस बरा होतो. पण डॉक्टरांना कळायला तर पाहिजे! ताप साधाच वाटतो. म्हणून "आमच्या घरी राघू आहे" हे आपणच डॉक्टरांना सांगायला हवे.

आता राघूची बाजू. आपल्या तोंडातही जंतू असतात. आपल्याला ते काही करत नाहीत, पण एवढ्याशा राघूला ते बाधू शकतात. शिवाय आपण मीठ, तिखट, तेलकट, चहात बुडवलेले असे काहीही त्याला चावून देतो. चॉकलेट तर त्याला विषासारखे आहे. राघूला सांगता येत नाही की माझे पोट दुखते. तो फक्त पिसे फुगवून गप्प बसतो. मग आपण म्हणतो, आज राघू रुसलाय.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहिली म्हणून मोठ्या माणसांनी रागावू नये. आमच्या आजीसारखी पुष्कळ जुनी माणसे म्हणतात की मूल उशिरा बोलत असेल तर त्याला राघूने खाल्लेला पेरू द्यावा. म्हणजे ते राघूसारखे बोलू लागते. माझ्या काकीचा छोटू अडीच वर्षांचा झाला. तो अजून "आई"सुद्धा म्हणत नाही. म्हणून आजी त्याच्यासाठी टोचलेले पेरू शोधून ठेवते. आजीची माया मला कळते. पण मला असे वाटते की राघू बोलतो तो ऐकून ऐकून. त्याची वाणी त्याच्या थुंकीत नसते. उष्टे खाऊन विद्या येत असती, तर आपले उष्टे खाऊन राघूला एव्हाना तीसपर्यंत पाढे आले असते! आणि मांजराने तोंड लावलेले दूध पिऊन आपण म्याव म्याव केले असते.

बाई म्हणाल्या की मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासावेत. त्याला ऐकूच येत नसेल तर ते बोलणार कसे? अंगणवाडीत मुलांना तपासायला डॉक्टर येतात. आरोग्य केंद्रातही दाखवता येते. छोटूला पेरू द्यावा, पण अख्खा, धुतलेला. आणि त्याच्याशी घरातल्या सगळ्यांनी खूप बोलावे.

आपण मुलेही "राघूने टोचलेला पेरू गोड असतो" म्हणून झाडाखालचा पेरू तसाच खातो. पण तो राघूनेच टोचला कशावरून? रात्री वटवाघळेही फळे खातात. आपली सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. त्याच महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे पुण्याच्या विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये तपासली. काहींच्या रक्तात निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. २०१८ साली केरळात याच निपाहने सतरा माणसे दगावली होती. आपल्याकडे त्या खुणा वटवाघळांत सापडल्या, माणसांत नाही. तरी अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये. गोड पेरू झाडावर दुसरे असतात.

कोणी म्हणेल, "आमचे आजोबा वीस वर्षे राघूला तोंडाने भरवतात, त्यांना काही झाले नाही." चांगले झाले! पण पुराच्या पाण्यातून एकदा कोणी सुखरूप आला म्हणून आपण रोज त्या पाण्यात उतरत नाही. घरात म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे असतात. त्यांना आजार लवकर जास्त होतो.

कोणी म्हणेल, "तोंडाने भरवले नाही तर माया कशी कळणार?" आई आपल्याला हाताने घास भरवते. त्यात माया कमी असते का?

म्हणून मला वाटते, सर्वांनी एवढे करावे :

१. राघूला वाटीत किंवा हाताने खाऊ द्यावा. नंतर साबणाने हात धुवावेत.
२. राघूची पापी घेऊ नये. त्याला आपल्या ताटात जेवू देऊ नये.
३. पिंजरा सुका झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे, मग पुसावा. हे काम लहान मुलांना सांगू नये.
४. पिंजरा चुलीपाशी किंवा बाळाच्या पाळण्यापाशी टांगू नये.
५. टोचलेले, चावलेले फळ खाऊ नये.
६. ताप-खोकला आला तर डॉक्टरांना राघूबद्दल सांगावे.

शेवटी एक खरी गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातला राघू पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पण पिंजऱ्यातल्या राघूला एकदम उडवूनही देऊ नये. त्याला उडायची सवय नसते, मांजर-कावळे त्याला मारतील. महाडला वनखात्याचे कार्यालय आहे, तिथे मोठ्या माणसांनी विचारावे. नवीन पिल्लू तर ढोलीतून कोणी काढूच नये.

राघू पेरूच्या झाडावर शोभतो. वरचे पेरू त्याचे, खालचे आपले. त्याने त्याचे खावे, आपण आपले धुऊन खावे. पटले तर आजच घरी सांगा.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी
जिल्हा परिषद शाळा, दासगाव